नक्शेवाल्याची सुरई

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या आमच्या दारात पोस्टमन तायडे यांनी माझ्याकडे अकराशे चाळीस रुपये मागितले. हजर होतो ते तिघे: तायडे, मी आणि माझी पत्नी सुलभा. रक्कम ग्रीसहून आलेल्या एका खोक्यावरच्या कस्टमची होती. पैसे भरल्याशिवाय खोके हाती येणार नव्हते, आणि आत काय आहे हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

“भाऊ, एवढे पैसे लागले म्हणजे काहीतरी भारी चीज आहे,” तायडे म्हणाले. “सोनं-बिनं तर नाही ना?”

“यांना कोण सोनं पाठवतंय?” सुलभा म्हणाली. “माती असेल. यांचा सगळा कारभार मातीचा.”

“मातीला कस्टम? आमच्या फोपनारला या, ट्रॉलीभर फुकट देतो.”

मी म्हणालो, “तायडे, परत पाठवा.”

असे का म्हणालो ते कळायला माझे काम काय होते ते सांगावे लागेल.

मी मूळचा नक्शेवाला. बुऱ्हाणपुरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पॉवरलूमवर लुंगीचा काठ किंवा रुमालाची किनार विणायची तर आधी ती चौकटीच्या कागदावर भरतात. त्या भरलेल्या कागदाला इथे नक्शा म्हणतात. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतात, पत्ते मागावर चढतात आणि काठ विणला जातो. नक्शात एक चौकट चुकली तर ती चूक थानभर पुन्हापुन्हा उमटते. त्यामुळे नक्शेवाला माणूस स्वभावाने किरकिरा होतो. सुलभा म्हणते की मी आधीपासूनच होतो, म्हणून त्या धंद्यात टिकलो.

पुढे नक्शे कॉम्प्युटरवर होऊ लागले. मी तेही शिकलो. पण तयार नक्शे सुरतेहून स्वस्तात मिळू लागले आणि माझे काम आटत गेले. त्याच काळात उज्ज्वलाताई आईला भेटायला बुऱ्हाणपूरला आल्या होत्या.

उज्ज्वलाताई आमच्या गल्लीतल्या, शाळेत माझ्या दोन वर्षे पुढे. पुण्याला पुरातत्त्व शिकल्या, मग परदेशी गेल्या. ग्रीसमधल्या एका जुन्या दफनभूमीच्या उत्खननात निघालेल्या भांड्यांचा अभ्यास त्यांच्या चमूकडे होता. त्यांच्या आईने त्यांच्याबरोबर माझ्याकडे दिवाळीचा फराळ पाठवला, आणि ताटली टेबलावर ठेवताना त्यांना माझा एक जुना नक्शा दिसला. काटकोनात वळत जाणारी नागमोडी होती.

“दिलीप, हे तू काढलंस?”

“हो. लुंगीचा काठ आहे.”

“अरे, ही माझ्या भांड्यांवर आहे. पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या.”

“मग डिझाइन चोरीचं म्हणायचं.”

“कोणी कोणाचं चोरलं ते आधी ठरवावं लागेल,” त्या म्हणाल्या आणि बसल्या. चहा तीन वेळा झाला. उठताना त्यांनी मला काम दिले. ते अकरा वर्षे चालले.

काम असे. तिकडचे लोक भांडे हातात घेऊन, मापे घेऊन पेन्सिलीने चित्र काढत. ते कच्चे चित्र आणि फोटो माझ्याकडे येत. मी त्यावरून छापण्याजोगे पक्के चित्र करायचे. भांड्याच्या चित्राची एक रीत असते. मधोमध उभी रेघ. तिच्या एका बाजूला भांडे कापल्यासारखे दाखवतात, म्हणजे भिंतीची जाडी आणि बुडाचा आकार कळतो. दुसऱ्या बाजूला बाहेरून दिसते तसे, नक्षीसकट. अर्धे भांडे चिरलेले आणि अर्धे शाबूत. सुरुवातीला मला ते विचित्र वाटायचे. नंतर घरातला तांब्या, कळशी, बरणी, काहीही बघितले की मनात त्याचे दोन भाग होऊ लागले.

पहिल्याच महिन्यात मी एका वाडग्याची नागमोडी “बसवली”. म्हणजे काय, तर रंगवणाऱ्याने वाडग्याभोवती नागमोडी फिरवत आणली होती आणि शेवटी जागा कमी पडल्यावर अखेरचे वळण चेंगरून घुसवले होते. आमच्या धंद्यात असे चालत नाही, प्रत्येक फेरा सारखा बसला पाहिजे. मी सगळी वळणे सारखी करून चित्र पाठवले. ताईंचा फोन आला.

“काय केलंस हे?”

“दुरुस्त केलं.”

“तो माणूस मेला रे, त्याला कशाला दुरुस्त करतोस? तो जिथे चुकला तिथेच तर तो मला सापडतो. जे आहे ते काढ.”

तेव्हापासून जे आहे ते काढले.

आता वर्षे कशी ठरवतात ते. मला वाटायचे, नक्षी बघितली की जाणकाराला साल कळत असेल. तसे नसते. नक्षी फक्त क्रम सांगते: आधी साधी वर्तुळे, मग नागमोड्या, मग घोडे, पक्षी, माणसे. आधी कोण आणि नंतर कोण एवढेच. साल बाहेरून आणावे लागते, आणि ते जमिनीतून येते. ताईंनी मला एक उदाहरण दिले होते. इराणच्या सैन्याने अथेन्स जाळले ते वर्ष इतिहासात पक्के आहे, इसवीसनपूर्व ४८०. त्या जाळपोळीत फुटलेली भांडी नंतर लोकांनी खड्ड्यांत आणि विहिरींत लोटली. तो भराव ओळखता आला की त्यातले भांडे त्या सालाच्या आधीचे, आणि त्यावर नंतर चढलेल्या थरातले बहुधा नंतरचे. एक खुंटी पक्की बसली. अशा खुंट्या थोड्या असतात. मधली सगळी भांडी त्यांना बांधलेल्या दोरीवर अंदाजाने टांगलेली.

“पण एक लक्षात ठेव,” त्या म्हणाल्या होत्या. “खड्ड्याचं वय त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून ठरतं, जुन्या वस्तूवरून नाही. तुमच्या स्वयंपाकघरात तुझ्या आईचा पितळी गुंड आहे ना?”

“आहे.”

“उद्या ते घर गाडलं गेलं आणि कोणी फक्त गुंडावरून साल काढलं, तर सुलभा स्वतःचीच सासू ठरेल.”

फोन स्पीकरवर होता आणि सुलभा मागे भाजी निवडत होती. “आत्ताच्या आत्ता तो गुंड मोडीत काढा,” ती म्हणाली.

अकरा वर्षांत शेकडो भांडी माझ्या टेबलावरून गेली. सगळ्यांची आठवण नाही. एका सुरईची आहे.

वीतभराहून थोडी उंच, तोंड तीन पाकळ्यांचे, धरायला एका बाजूला कान, गळ्यावर नागमोडी, पोटावर बारीक रेघांचे पट्टे. चित्रावरून सांगतो, कारण मी ती पाहिलेली नाही. पोटाला एक जुनी चीर होती, आणि चिरेच्या दोन्ही अंगांना बारीक भोके, दोन इकडे, दोन तिकडे. ती सुरई त्याच काळात फुटली होती आणि कोणीतरी भोके पाडून, शिशाची पट्टी ओवून सांधली होती. पट्टीचा तुकडाही तिथेच सापडला. अशी सुरई पुन्हा पाणी धरत नाही. तरी सांधली.

आणि ती ज्या थडग्यात निघाली त्यातली बाकीची भांडी तिच्यापेक्षा बरीच नवी होती. ताईंच्या मते दोन पिढ्यांचे अंतर. चमूतल्या एकाचे म्हणणे होते की सुरई दुसऱ्या थडग्यातून चुकून इकडे आली असेल. ताई म्हणाल्या, ती घरात जपलेली होती. आजीची वस्तू नातवंडाने कोणाच्या तरी उशाशी ठेवली. शिशाचा तुकडा तिथेच, न हललेल्या मातीत मिळाल्यामुळे शेवटी ताईंचे म्हणणे उत्खननाच्या ग्रंथात गेले.

तिच्या कानाखाली, जिथे कान पोटाला चिकटतो, तिथे एक खळगा होता. कुंभार ओला कान अंगठ्याने दाबून बसवतो, त्याची खूण. मी तो खळगा ठिपक्या-ठिपक्यांनी काढला. रुंदी सोळा मिलिमीटर. तो काढताना मला पहिल्यांदा वाटले की आपण ही वस्तू एकदा हातात घ्यावी. काम संपले तरी ते वाटणे संपले नाही. केळीच्या घडांनी भरलेला ट्रक घरासमोर अडकून हॉर्न वाजवत असला, तरी वरच्या कामाच्या खोलीत मी त्या कानाकडे बघत बसायचो.

सुलभा तिला आपली सवत म्हणू लागली. “जेवायला या, की सवतीकडेच जेवणार?”

मग बोलावणे आले. ग्रंथ पुरा होत आला होता. छापण्यापूर्वी चित्रे मूळ भांड्यांशी ताडून पाहायची होती, आणि ताईंनी चमूकडून माझे नाव मंजूर करून घेतले. दोन आठवडे, संग्रहालयाच्या कोठारात. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. त्यानंतर चमूची परवानगी संपणार होती आणि भांडी पेट्यांत बंद होऊन संग्रहालयाच्या ताब्यात जाणार होती. म्हणजे संधी एकच.

मी पासपोर्ट काढला. सुलभा शाळेत शिकवते; तिथून येताना तिने माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर आणला. तिथे तेव्हा उन्हाळा होता, पण परदेश म्हणजे थंडी, असे तिचे पक्के मत. व्हिसाचा अर्ज भरायला मी शनवारा दरवाजाजवळच्या गोविंदभाऊंकडे गेलो. ते ऑनलाइन सगळे भरून देतात, विजेच्या बिलापासून यात्रेच्या नोंदणीपर्यंत.

“भाऊ, टेन्शन नका घेऊ, सब हो जाएगा. धंदा काय लिहू?”

“आधी नक्शे काढायचो. आता भांड्यांचे काढतो.”

“मतलब नक्शाच ना?”

“नक्शाच.”

“आणि कशासाठी चालले?”

“तिकडे एक जुनं कब्रस्तान खोदलंय. त्यातलं काम आहे, माझे नक्शे तपासायचे आहेत.”

गोविंदभाऊंनी इंग्रजीत टाइप केले आणि पडदा माझ्याकडे फिरवला. मी पासपोर्टचा नंबर दोनदा ताडला, जन्मतारीख, खाते नंबर, पिनकोड, सगळे आकडे ताडले. धंद्यासमोर ‘मॅप मेकर’ लिहिले होते. तेही मी वाचले. नक्शा म्हणजे मॅप, शाळेत हेच शिकलो होतो, भूगोलाच्या तासाला भिंतीवर नक्शाच लटकायचा. मला त्यात काही खटकले नाही. आजही बुऱ्हाणपुरात कोणालाही विचारा, तो हेच लिहील.

मुंबईला जाऊन कागद दिले, बोटांचे ठसे दिले. खिडकीतल्या बाईंनी आमंत्रणाचे पत्र पाहिले, अर्ज पाहिला, पुन्हा पत्र पाहिले.

“तुम्ही भांड्यांची चित्रं काढता की नकाशे?” त्यांनी मराठीत विचारले.

“एकच ते,” मी म्हणालो.

त्यांनी कागद पुढे सरकवले.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला, सोबत नकाराचा कागद. प्रवासाचा उद्देश विश्वासार्ह वाटत नाही, या चौकटीत खूण होती. ताईंना अर्जाचे आणि नकाराचे फोटो पाठवले. त्यांचा फोन आला तेव्हा त्या हसत होत्या की रडत, कळेना.

“दिलीप, तू अर्जात लिहिलंयस की तू नकाशे बनवतोस आणि कब्रस्तानाचे नकाशे तपासायला येतोयस. आम्ही लिहिलंय की तू भांड्यांचा चित्रकार आहेस. त्यांनी काय समजायचं?”

“पण ताई, नक्शाच म्हणतात ना.”

“म्हणतात रे. आपल्याकडे म्हणतात.”

पुन्हा अर्ज करायला वेळ उरला नव्हता. गोविंदभाऊ घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले. “भाऊ, मी तर सीधं सीधं जे तुम्ही बोलले तेच लिहिलं.” मी म्हणालो, तुमची काही चूक नाही. खरेच नव्हती. तिकडच्यांचीही नव्हती. नक्षी, नक्शा, नकाशा हे एकाच घरातले शब्द. आम्ही ते एकाच खोलीत राहू दिले, एवढेच.

शेवटच्या दिवशी ताईंनी कोठारातून व्हिडिओ कॉल केला. सुलभा माझ्या शेजारी बसली. ताईंनी हातमोजे घालून सुरई उचलली आणि हळूहळू फिरवली. चीर दिसली, भोके दिसली. रंग मी समजत होतो त्याहून तांबूस होता.

“काय बघायचंय सांग,” ताई म्हणाल्या.

माझ्याकडे मापे सगळी होती. उंची, व्यास, भिंतीची जाडी. मी विचारले, “हातात कशी लागते? जड की हलकी?”

त्या थोडा वेळ नुसत्या धरून उभ्या राहिल्या. “आपला तांब्या असतो ना, अर्धा भरलेला. तेवढी.”

चित्राला वजन नसते. अकरा वर्षांत मला हे सुचले नव्हते. फोन बंद झाल्यावर सुलभा उठली, तांब्या अर्धा भरून आणला आणि माझ्या हातात दिला. मी तो धरून बसलो.

काम संपले. आता तिकडे भांडे यंत्रासमोर ठेवले की यंत्रच त्याचे चित्र काढते, आणि ते चांगले असते, मी पाहिले आहे. मी पुन्हा थोडेफार नक्शे करतो, एका शाळेचे हिशेब लिहितो. वरच्या खोलीत जायला आता कारण उरलेले नाही, तरी मी कारण काढून जातो.

आणि मग तायडे खोके घेऊन आले. पाठवणाऱ्याच्या जागी ताईंचे नाव होते. ग्रंथ असता तर खोके जड असते. हे हलके होते. मला वाटले, पर्यटकांना विकतात तशी छोटी सुरई असेल, शोकेसमध्ये ठेवायची. ती मला नको होती. जिला हात लावायला मिळाला नाही तिचे खेळणे घेऊन काय करायचे? म्हणून म्हणालो, परत पाठवा.

“परत?” तायडे म्हणाले. “भाऊ, इतक्या लांबून आलं बिचारं.”

“काय आहे माहीत नसताना पैसे कशाचे भरू?”

“अहो, ग्रीसची माणसं असती तर त्यांनी खोदून तरी पाहिलं असतं,” सुलभा म्हणाली. ती आत गेली, पर्स घेऊन आली आणि पैसे मोजून दिले. तायड्यांनी पावती फाडली.

“उघडा तरी माझ्यासमोर,” ते म्हणाले. “सोनं निघालं तर साक्षीदार पाहिजे.”

आत भुशाच्या थरात एक कान होता. नुसता कान, सुरईचा, पोटाच्या छोट्या तुकड्यासकट. भुरा, थोडा खरखरीत. सोबत ताईंच्या हातच्या दोन ओळी: संग्रहालयाने सुरईचे स्कॅन केले होते, त्यावरून यंत्राने छापलेली ही प्रत आहे, पूर्ण सुरईची परवानगी मिळाली नाही, कान मिळाला, माप एकास एक.

तायडे म्हणाले, “तुटलंय की हो. तक्रार करा.”

“तुटलेलंच मागवलं होतं,” सुलभा म्हणाली.

मी कान उलटा केला. खळगा तिथेच होता, मी ठिपक्यांनी काढलेला. मी अंगठा ठेवला. बसेना. कडेलाच अडला. पुन्हा ठेवला, वळवून पाहिला. माझा अंगठा तिथे जात नव्हता.

सोळा मिलिमीटर. आकडा मीच लिहिला होता, माझ्याच हाताने. भाजल्यावर माती आक्रसते, दहातला एक भाग धरा, म्हणजे ओल्या मातीत तो साधारण अठरा असेल. हे सगळे मला येत होते. तरी इतकी वर्षे मी मनात तिथे एका पुरुषाचा अंगठा धरून बसलो होतो, बहुधा माझाच.

“इकडे आणा,” सुलभा म्हणाली. तिने कान हातात घेतला, उलटा केला आणि सहज अंगठा टेकवला. तो खळग्यात गेला आणि बसला. नखापर्यंत.

मग ती म्हणाली, “सवतीचा कान धरायला मिळाला एकदाचा.”

तायडे इतके हसले की समोरच्या घरातले लोक बाहेर आले.

यावरून सुरई बाईने घडवली असे म्हणता येणार नाही. पोरगेल्या हाताचा कुंभार असू शकतो. जे आहे तेवढेच काढायचे, हे मी अकरा वर्षे शिकलो. पण त्या दुपारी सुलभाने अंगठा लगेच काढून घेतला नाही. तायडे गेल्यावरही खिडकीपाशी उभी राहून ती तो तसाच धरून होती, आणि मी तिच्या हाताकडे बघत होतो. ती मूळ सुरई आता पेटीत आहे आणि मी तिला हात लावणार नाही, हे मला तेव्हा नीट कळले. कळल्यावरही ओढ कमी झाली नाही. तांब्यात अर्धे पाणी घेताना अजून हात थांबतो.

संध्याकाळी मी सुलभाला अकराशे चाळीस रुपये द्यायला गेलो. शंभराच्या अकरा नोटा आणि चाळीस सुटे.

“ठेवा,” ती म्हणाली. “सवत पहिल्यांदा घरी आली. तिची ओटी मी भरायची की तुम्ही?”

तेव्हा हिशेब असा: कस्टमचे अकराशे चाळीस रुपये, दिले सुलभाने, घेतले पोस्टमन तायडे यांनी. पावती माझ्या नावाची आहे.